रात्रीच्याला काय करावं: कढण, माडगं, आंबील, येसर का पाया?

मागच्या आठवड्यात अंबाजोगाईहून आमच्या अक्कांचा, म्हणजे मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. आण्णांचे, म्हणजे सासऱ्यांचे खालचे दात काढलेत, कवळी बसायला अजून दोन महिने, वरून शुगर आणि बीपी आहेच, तर डॉक्टरनी सांगितलं रात्रीचं जेवण हलकं करा, सूप द्या. डॉक्टरचं काय, सूप द्या म्हणून मोकळे झाले. अक्कांनी किराणा दुकानातून पाकिटं आणली, दोन दिवस उकळून दिली, तिसऱ्या दिवशी आण्णांनी वाटी सरकवली आणि म्हणाले, "ही खळ कशाला पाजलालीस मला, पतंग चिटकवायचेत का?"

खळच की हो ती. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात वाचून बघा, कॉर्नफ्लॉवर, साखर, मीठ ही मंडळी पुढच्या रांगेत आणि भाजी कुठंतरी मागं वाळलेल्या तुकड्यांत. मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, म्हणजे सपाट एक चमचा, त्यातलं बीपीवाल्यानं पाकिटात कशाला घालवायचं. तर पाकीट बाद, आता घरचं कोणतं, हा अक्कांचा प्रश्न. फोनवर अर्धा तास बोलले तरी माझं समाधान होईना म्हणून नीट लिहून काढतेय, कारण घरोघर कुणीतरी आण्णा आहेतच.

आधी एक सांगते. सूप म्हटलं की आपल्याकडं पाखडायचं आठवतं, पण संस्कृतात सूप म्हणजे पातळ वरणच आणि स्वयंपाक्याला सूपकार म्हणायचे, तेव्हा ही वस्तू काय हॉटेलातून आलेली नाही. फक्त आपल्याकडं जेवणाआधी भूक लागावी म्हणून पातळ काही प्यायची पद्धत नव्हती. आपलं प्रत्येक पातळ कुणाचं तरी ठरलेलं असायचं, कढण दुखणाइताचं, आळणी पाणी बाळंतिणीचं, आंबील रानात राबणाऱ्याचं, येसर पंगतीचं. म्हणून "सगळ्यात चांगलं कोणतं" असं विचारलं की उत्तर सापडत नाही. कोण पिणार आणि कोणत्या महिन्यात, ते आधी बघायचं.

आण्णांसाठी खरी टक्कर दोघांतच आहे, मुगाचं कढण आणि हुलग्याचं माडगं. दोन्ही कडधान्याचे, दोन्ही चावायला लागत नाहीत, दोन्ही स्वस्त.

कढण करायला डोकं लागत नाही. अर्धी वाटी अख्खे मूग चार-पाच तास भिजवायचे, सहा वाट्या पाणी, कुकरला चार-पाच शिट्ट्या, मग रवीनं घोटायचं आणि तुपात जिरं, मिरपूड, किसलेलं आलं घालून एक उकळी. गाळायचं का नाही यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. माझ्या मते ताप असला, पोट बिघडलेलं असलं तर गाळून निव्वळ पाणी द्यावं, पण आण्णांसारख्या माणसाला, ज्याला फक्त दात नाहीत आणि पोट उलट साफ होत नाही, त्याला सालासकट घोटूनच द्यावं, मिक्सरमधून काढलं तरी चालतं. कढणाचा प्रॉब्लेम एकच, त्याला आजारपणाचा वास आहे. लहानपणापासून ताप आला की तेच पिलेलं असतं, त्यामुळं धडधाकट माणसासमोर कढण ठेवलं की त्याला वाटतं आपलं आता काही खरं नाही. त्यावर माझा उपाय म्हणजे लसूण लाल होईस्तोवर फोडणी, कढीपत्ता आणि चिंचेचा कोळ अर्धा चमचा. लसणाचा वास आला की दवाखाना विसरतोय माणूस. (आणि ज्यांचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनीचा त्रास आहे, त्यांनी डाळी-कडधान्यांचं रोज सुरू करायच्या आधी डॉक्टरला विचारावं, हे हुलग्यालाही लागू.)

माडगं चवीला कढणापेक्षा दहा पट पुढं. हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ, आमच्याकडं हलक्या मुरमाड रानात, जिथं दुसरं काही येत नाही तिथं येतात. ते खरपूस भाजून दळायचे, तीन चमचे पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं आणि हलवत राहायचं, दहा-बारा मिनिटांत दाट होतं. माझ्या माहेरी गूळ-सुंठ घालून गोड करतात, सासरी लसूण, जिरं, मीठ आणि उतरवल्यावर ताक. शुगरवाल्याला अर्थातच सासरचं. थंडीत प्यावं, उष्ण असतं, मुतखड्याला चांगलं असंही जुनी माणसं म्हणतात, ते त्यांचं त्यांच्यापाशी. पीठ डब्यात तयार असलं की भिजवा-शिजवाची भानगड नाही, नोकरी करणाऱ्या बाईला हे फार सोयीचं.

मग माडगंच का नाही? तर आण्णा पीत नाहीत. बहात्तरच्या दुष्काळात ते अठरा वर्षांचे होते, दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, दुपारी सुकडी, रेशनला ती लाल मिलो ज्वारी, आणि संध्याकाळी घरी हुलग्याचं माडगं, तेही इतकं पातळ की म्हणे वाटीत चांदणी दिसायची. गंमत बघा, त्याच १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ उभं राहिलं आणि त्याच साली इकडं माणसं हुलग्यावर दिवस काढत होती. आता आपण त्याला हेल्दी म्हणून शंभर गुण सांगतो, पण ज्यानं ते नाइलाजानं पिलंय त्याच्या घशाखाली ते उतरत नाही. म्हणून म्हणते, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सूप ठरवताना फक्त प्रोटीन बघू नका, त्यानं काय-काय भोगलंय तेही विचारा. शेंगोळे मात्र आण्णांना जीव की प्राण, तेच हुलग्याचं पीठ पण वळून रश्श्यात शिजवलेलं. ते आता कवळी बसल्यावर.

आता आंबील, माझी लाडकी. लातूर-धाराशिवकडच्यांना सांगायलाच नको, मार्गशीर्षातल्या अमावस्येला येळवस असते, गावंच्या गावं रानात जातात, लातूर शहरात त्या दिवशी दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. कडब्याची खोप, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, लक्ष्मीची पूजा, आणि जेवायला भज्जी म्हणजे भाज्या-दाण्यांची मिसळभाजी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर, आंबील. डोक्यावर आंबिलीचा बिंदगा, म्हणजे घागर घेऊन, वर कांबळं पांघरून घरधनी पुढं चाललेला, ते दृश्य ज्यानं पाहिलंय त्याला आंबील ग्लासात घालून दिली तरी रान आठवतं. ज्वारी तेव्हा पोटऱ्यात आलेली किंवा कणीस टाकत असते, कुणाची मालदांडी, कुणाची परभणी मोती.

घरी करायची तर आदल्या संध्याकाळी चार चमचे ज्वारीचं पीठ ताकात सरसरीत कालवून झाकून ठेवायचं. सकाळी वास घ्यायचा, आंबूस पण गोडसर, नुकत्या लागलेल्या दह्यासारखा आला की झालं. चार वाट्या पाणी उकळायला ठेवायचं, त्यात एका हातानं पीठ बारीक धारेनं सोडायचं आणि दुसऱ्या हातानं हलवायचं थांबायचं नाही, थांबलात की गाठ झालीच आणि ती गाठ नंतर कशानंच फुटत नाही, आतून कोरडं पीठ तसंच. चकचकीत झालं, डाव उचलला की तार धरून पडायला लागलं की गॅस बंद. पूर्ण गार झाल्यावर ताक, ठेचलेलं आलं-लसूण-हिरवी मिरची, जिरं, मीठ, कोथिंबीर. गरम असताना ताक घालाल तर फाटतं. मी एकदा वैशाखात शहाणपणा करून पीठ दोन रात्री ठेवलं, तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर फसफस आणि शिंदीचा वास, घरात कुणी तोंड लावलं नाही, भांड्याचा वास जायला आठवडा गेला. उन्हाळ्यात सात-आठ तास बास, थंडीत रात्रभर आणि वर अजून दुपार.

पण आंबील रात्रीची नाही. हे मला नीट सांगायचंय कारण २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून जो तो आंबील रात्री प्या म्हणतोय. गार, आंबट, ताकाची वस्तू, ती दुपारी बाराच्या उन्हात प्यायची. खोकल्याच्या माणसाला थंडीत रात्री द्याल तर त्याची झोप जाईल आणि तुमचीही. आणि ज्वारी कितीही चांगली असली तरी शेवटी पिठूळच, शुगरवाल्यानं एक वाटी, तांब्या नाही. कढण विरुद्ध आंबील असा प्रश्न असेल तर रात्री कढण, दुपारी आंबील, विषय संपला.

येसरबद्दल मला थोडं तोंड सोडायचंय. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ खमंग भाजून, धने-जिरे, खोबरं, खडा मसाला घालून दळलेलं पीठ म्हणजे येसर, घराघराचं प्रमाण वेगळं. लग्नाच्या पंगतीला येसर आमटी आणि मुलीसोबत येसर-मेतकुटाचे डबे, ही आपली रीत. मागच्या वर्षी एका लग्नात केटररनं ही आमटी एवढ्याशा काचेच्या ग्लासात सुरुवातीला फिरवली, शॉट म्हणे! तिखटजाळ, वर तेलाचा तवंग, रिकाम्या पोटी एक घोट घेतला आणि पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी. येसर नुसती प्यायची वस्तूच नाही, तिला भाकरी लागते. चुरून, पाच मिनिटं भिजवून, कांदा तोंडी लावून. आणि गंमत म्हणजे त्याच कारणानं ती आण्णांना चालतेय. अर्धी भाकरी पातळ येसरमध्ये भिजून मऊ झाली की दात लागत नाहीत, आणि जेवल्यासारखंही वाटतं, जे कढणानं कधीच वाटत नाही. तेल एक चमचा, काळा मसाला निम्मा, मीठ बेतानं, लिटरभर पाण्याला तीन चमचे येसर. पण रोज नाही, रविवारी.

चिंचेचं सार आणि टोमॅटोचं सार, ही भाताची सोबत. नुसतं पिलं तर तासाभरात भूक लागते, पण घसा धरला असेल तर गरम सारासारखं काही नाही. आमच्याकडं आमसुलाचं नखरं नाही, चिंचच. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालंय. येळवणीची, म्हणजे कटाची आमटी पुरणाच्या दिवशीच होते, तिच्यासाठी कुणी मुद्दाम हरभरा डाळ शिजवत नाही, सोडा.

राहिला पाया. आमच्याकडं हाड मोडलं की पाया आणि संभाजीनगरात थंडी पडली की पाया. खलियाच्या, म्हणजे मसालेदार मटणाच्या रश्श्याच्या, त्या शहरात हाडाच्या रश्श्याचा शौक मोठा, तिथले लोक नान खलियाचं नातं थेट तुघलकाच्या दौलताबादेशी जोडतात. घरी करायचा तर भाजून साफ केलेले बोकडाचे चार पाय, हळद, आलं-लसूण, मिरी, आणि कुकरला बारीक गॅसवर तासभर तरी. फ्रिजमध्ये ठेवलं की वडीसारखं घट्ट होतं, ते जिलेटिन. लोक म्हणतात कॅल्शियम मिळतं, तर हाडाच्या पाण्यात कॅल्शियम फार काही उतरत नाही हो, ताकाच्या ग्लासात जास्त असेल. पण चव, ऊब, आणि बाळंतिणीला किंवा अशक्त माणसाला अन्नावरची वासना परत येणं, यात पाया सगळ्यांच्या पुढं. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी लांबूनच नमस्कार करावा. आमच्या घरात माळ आहे त्यामुळं आण्णांसाठी प्रश्नच नाही, पण तुमच्याकडं चालत असेल आणि वेळ असेल तर पंधरवड्यातून एकदा जरूर.

तर अक्कांना मी असं सांगितलं. आठवड्यात चार रात्री लसणाच्या फोडणीचं कढण, दोन दिवस बोरसुरीच्या तुरीच्या वरणाचं पाणी जिरं-तूप घालून, रविवारी येसरमध्ये अर्धी भाकरी. हुलग्याचं पीठ तुम्ही दळून आणाच, ते तुमच्यासाठी, ऑफिसातून आल्यावर कुणाला पित्त नसेल तर यापेक्षा झटपट काही नाही. माझ्या पुतण्याला, जो पुण्यात रूमवर राहतो आणि ज्याच्याकडं कुकरही नाही, त्यालाही माडगंच, कारण एक पातेलं आणि एक चमचा एवढ्यावर होतं.

काल परत फोन केला तर म्हणाल्या, कढण पिले, पण वाटीत नाही, "मला काय आजारी समजलालीस का, तांब्यात दे" म्हणाले. तांब्यात देताय तर मीठ आधीच निम्मं करा म्हटलं, प्रमाण वाढणार आहे. आणि मूग भिजवायचे विसरलात तर सालीची मुगाची डाळ घ्या, तिला अर्धा तास पुरतो.