सोरेन्तो की चेफालू? इटलीतील समुद्रकाठच्या मुक्कामाचा तुलनात्मक विचार

रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस यांचे दिवस आखून झाल्यावर चार-पाच दिवस समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावात निवांत राहावे असे अनेकांना वाटते, आणि तिथेच निवड अवघड होते. या लेखात नेपल्सच्या उपसागरावरील सोरेन्तो आणि सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील चेफालू या दोनच गावांचा विचार केला आहे, कारण दोन्ही ठिकाणी रेल्वे थेट गावात पोहोचते आणि इटलीच्या अरुंद रस्त्यांवर स्वतः गाडी चालवण्याची वेळ येत नाही.

पहिला प्रश्न समुद्राचाच विचारावा. सोरेन्तो हे समुद्राच्या काठावर नसून समुद्राच्या वर आहे. ज्वालामुखीच्या उद्रेकातून साचून घट्ट झालेल्या खडकाच्या उभ्या कड्यावर हे गाव वसले असून कड्याच्या माथ्यावरून उपसागरापलीकडचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी डोळ्यांत मावत नाही. खाली मात्र वाळू जेमतेम आहे. पोहणाऱ्यांसाठी पाण्यात पुढे काढलेले धक्के असतात, त्यांवर छत्र्या आणि आरामखुर्च्या भाड्याने मिळतात आणि शिडीने थेट खोल पाण्यात उतरावे लागते. गावातील सार्वजनिक बागेतून खाली जाण्यासाठी लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या आई-वडिलांचीही सोय होते, पण मुलांना दिवसभर वाळूत खेळू द्यायचे असेल तर हे गाव त्यासाठी नाही. चेफालूला याच्या अगदी उलट स्थिती आहे. जुन्या गावाच्या भिंतींना लागूनच लांब पुळण सुरू होते आणि पाणी हळूहळू खोल होत जाते. भाड्याच्या छत्र्यांच्या रांगांबरोबरच सर्वांसाठी मोकळी ठेवलेली वाळूही आहे. सकाळी पोहून, घरी येऊन, जेवून संध्याकाळी पुन्हा पाण्यात उतरता येईल असा मुक्काम हवा असेल, तर माझे मत निःसंशय चेफालूच्या बाजूने आहे.

सोरेन्तोचे खरे बळ त्याच्या आसपास आहे. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले प्राचीन रोमन शहर पॉम्पेई चिर्कुमव्हेसुव्हियाना या स्थानिक रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर आहे आणि त्याच उद्रेकात गाडले गेलेले हेर्क्युलेनियमही त्याच मार्गावर आहे. काप्री बेटाला गावातील बंदरातून साधारण अर्ध्या तासात बोट पोहोचते, तर पोझितानो आणि अमाल्फी या किनाऱ्यावरच्या गावांना बसने जाता येते. ही बस कड्याच्या कडेने वळणे घेत जाते, म्हणून गाडी लागणाऱ्यांनी उन्हाळ्यात बोटीचा पर्याय घ्यावा. ती स्थानिक रेल्वे हंगामात खचाखच भरते, त्यामुळे मोठ्या बॅगा घेऊन नेपल्सहून येणाऱ्यांनी पाकिटाकडे नीट लक्ष ठेवावे.

चेफालूला पाहण्यासारखे तुलनेने कमी आहे, पण जे आहे त्यासाठी वेळ राखून ठेवावा. नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये सुरू केलेले येथील कॅथेड्रल २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आतील अर्धगोल छतावर सोनेरी पार्श्वभूमीवरील ख्रिस्ताचे भव्य मोझाइक आहे आणि त्याच्या हातातील उघड्या ग्रंथाच्या एका पानावर ग्रीक, तर दुसऱ्यावर लॅटिन मजकूर आहे. दोन्ही भाषा बोलणारी प्रजा एका राज्यात नांदत होती, याचा इतका स्पष्ट पुरावा क्वचितच पाहायला मिळतो. गावाच्या डोक्यावर सुमारे २७० मीटर उंचीचा ला रोक्का हा खडक आहे; त्यावर सकाळी लवकर चढावे, कारण वर सावली फारशी नाही. पालेर्मो रेल्वेने साधारण तासाभरावर आहे, त्यामुळे एक दिवस तिकडे सहज देता येतो.

पोहोचण्याच्या बाबतीत सोरेन्तो सोपे आहे. रोमहून नेपल्सपर्यंत वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास आणि पुढे स्थानिक रेल्वेने आणखी तासाभराहून थोडे जास्त लागते. चेफालूसाठी रोमहून पालेर्मोला विमानाने जाणे सोयीचे ठरते. रेल्वेनेही जाता येते आणि मेसिनाच्या सामुद्रधुनीत गाडीचे डबेच जहाजावर चढवले जातात, तो अनुभव विलक्षण आहे, पण त्यात जवळजवळ संपूर्ण दिवस किंवा रात्र जाते. तीनच दिवस हाताशी असतील तर सिसिलीचा हट्ट धरू नये.

शाकाहारी मंडळींची उपासमार दोन्हीकडे होत नाही. सोरेन्तोची खासियत म्हणजे बटाट्याचे न्योक्की, म्हणजे छोटे मऊ गोळे, टोमॅटो आणि मोझारेला घालून भाजलेले. सिसिलीत वांग्याची आंबटगोड कापोनाता मिळते आणि पालेर्मोच्या रस्त्यांवर पानेल्ले मिळतात. चण्याचे पीठ शिजवून, थापून, तुकडे करून तळलेला हा पदार्थ आपल्या पाटवडीचा सख्खा भाऊ वाटतो. मात्र पार्मेजान चीज वासराच्या रेनेटने (दूध गोठवण्यासाठी त्याच्या जठरातून काढलेल्या द्रव्याने) बनते आणि अनेक रश्शांत अँचोवी मासळी असते, म्हणून काटेकोर शाकाहारींनी ऑर्डर देतानाच विचारून घ्यावे.

शेवटी सुट्टीचा काळ, आणि महाराष्ट्रातील पालकांच्या बाबतीत बहुधा तोच निर्णायक ठरतो. मे महिन्यात हवा प्रसन्न असते, पण पाणी अजून गार असते. तेव्हा भटकंतीप्रधान सोरेन्तो अधिक पटते. दिवाळीच्या सुट्टीत, विशेषतः ती ऑक्टोबरमध्ये आली तर, उन्हाळाभर तापलेला समुद्र मेपेक्षा उबदार असतो आणि दक्षिणेकडील चेफालूला त्याचा लाभ अधिक मिळतो. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, संध्याकाळ लवकर होते आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात, त्यामुळे काप्रीचा बेत असल्यास आधी वेळापत्रक पाहावे. १५ ऑगस्टच्या आसपास संपूर्ण इटली समुद्रावर लोटते. त्या आठवड्यात जाणे भागच असेल, तर खोली काही महिने आधी आरक्षित करावी आणि शेंगेन व्हिसा हाती पडेपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे.