मिडलसेक्स न्यायाधिकरणाचे ऑनलाइन दप्तर: मजकूर अमोल, शोध अपुरा

पहिल्या महायुद्धात सदसद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्यांविषयी ज्यांना मूळ कागदांवरून वाचायचे आहे, त्यांच्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची ही सेवा फार मोलाची आहे. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा झाला आणि सूट मागणारे अर्ज स्थानिक न्यायाधिकरणांपुढे येऊ लागले. पुढे १९२१ मध्ये सरकारने यांतील बहुतेक कागद नष्ट करण्याचे ठरवले. नमुना म्हणून इंग्लंडमधील मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधील लोथियन व पीबल्सचे दप्तर तेवढे राखले गेले. त्यांपैकी स्थानिक निर्णयांविरुद्ध मिडलसेक्समध्ये झालेल्या अपिलांची आठ हजारांहून अधिक प्रकरणे येथे मोफत उतरवून घेता येतात.

प्रकरण उघडले की छापील अर्ज, त्यावर अर्जदाराने मांडलेली कारणे, कधी सोबत जोडलेली पत्रे आणि अखेरीस न्यायाधिकरणाचा निर्णय असा क्रम दिसतो. बहुतेकांनी धंदा, कुटुंबाची हलाखी किंवा आजारपण यांसाठी सूट मागितली होती. विवेकाचे कारण पुढे करणारे अगदी थोडे होते, म्हणूनच सूचीत प्रत्येक अपिलाचे कारण नोंदवले आहे ही सोय मला सर्वांत महत्त्वाची वाटली. या माणसांना भित्रे ठरवणे त्या काळी सोपे होते, पण आपली भूमिका परक्या, बहुधा प्रतिकूल मंडळापुढे लेखी मांडून तिचे परिणाम स्वीकारण्यास काय लागत असेल, हे अर्ज वाचतानाच कळते.

उणीव शोधाची आहे. नाव, व्यवसाय, ठिकाण व कारण यांवरून प्रकरण सापडते. मात्र पाने केवळ प्रतिमारूपात असल्याने हस्ताक्षरातील मजकुरात शब्द शोधता येत नाही.

युद्धकाळातील स्वयंसेवकांसाठी ब्रिटिश रेडक्रॉसची कार्डेही ऑनलाइन आहेत. त्यांत नाव, पत्ता, काम, तारखा, कधी कामाचे तासही मिळतात. त्या व्यक्तीने ते काम का पत्करले हे मात्र मिळत नाही. लढण्यास नकार देऊनही जखमींची सेवा करणाऱ्या अनेकांना सामावून घेणाऱ्या फ्रेंड्स अँब्युलन्स युनिटची कार्डे लंडनच्या क्वेकर (युद्धाला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) ग्रंथालयाने वेगळी मांडली आहेत. एकाच माणसाचा अर्ज एकीकडे आणि सेवेची नोंद दुसरीकडे असू शकते. ती जुळवण्याचे काम सध्या वाचकालाच करावे लागते आणि नाव सर्रास आढळणारे असेल तर पत्त्यावाचून खात्री होत नाही. या संस्थांनी आपल्या सूच्या एकमेकींशी जोडाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.