निस्टचं सायबरसिक्युरिटी फ्रेमवर्क २.०: बरेच महिने वापरल्यानंतर

चाकणला आमची पार्ट्स बनवणारी मिडसाइज कंपनी, आयटीत मोजकीच माणसं. कस्टमरकडून सिक्युरिटीच्या लांबलचक प्रश्नावल्या यायला लागल्या म्हणून अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेचं हे सायबर सुरक्षेचं फ्रेमवर्क घेतलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं २.० व्हर्जन. फुकट आहे, पीडीएफ आणि एक्सेल दोन्ही मिळतं. सर्टिफिकेट मात्र मिळत नाही, कस्टमरला तेच हवं असेल तर आयएसओ २७००१ (माहिती सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) करावंच लागतं.

आधी फ्रेमवर्कमध्ये पाच फंक्शन, म्हणजे मुख्य भाग होते, आता गव्हर्न धरून सहा, आणि माझ्या मते खरा फरक या गव्हर्ननेच पडला. किती रिस्क चालवून घ्यायची, जबाबदारी कोणाची, हे मॅनेजमेंटने ठरवायचं असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पूर्वी फायरवॉलच्या रिन्युअलची फाइल आयटीचा खर्च म्हणून पडून राहायची, आता रिस्क रजिस्टरवर (धोक्यांच्या नोंदवहीवर) डायरेक्टर साहेबांची सही लागते, सही करायच्या आधी ते चार प्रश्न विचारतात आणि बजेट तिथेच सुटतं.

सगळ्यात जास्त वेळ आयडेंटिफायने, म्हणजे आपल्याकडे काय काय आहे ते शोधायच्या फंक्शनने खाल्ला. शॉपफ्लोअरवर सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनला) जोडलेले विंडोज ७ चे पीसी निघाले, सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलेला, पण मशिनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालतच नाही, मग ते वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) टाकले आणि मशिनवाल्यांचा रिमोट ॲक्सेस गरजेपुरताच चालू ठेवायचा असं ठरलं.

फ्रेमवर्कमधली पीआर.डीएस-११ ही एकच ओळ, बॅकअप घ्या, सांभाळा आणि टेस्टही करा. ईआरपी (कंपनीचं ऑर्डर, स्टॉक, हिशेबाचं सॉफ्टवेअर) दुसऱ्या सर्व्हरवर रिस्टोअर करून बघितलं तर डेटा सगळा आला पण लायसन्स जुन्या सर्व्हरला बांधलेलं, सिस्टम उघडेचना! खऱ्या रॅन्समवेअरच्या (डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याच्या) दिवशी हे कळलं असतं तर डिस्पॅच बंद पडला असता, त्यामुळे ही टेस्ट प्रत्येकाने कराच.

खटकलं ते म्हणजे १०६ सबकॅटेगरी, म्हणजे वरच्यासारख्या एकेक ओळी. काय साधायचं ते सांगतात, कसं करायचं ते आपणच शोधायचं, २.० सोबत उदाहरणं दिलीत पण तीही त्रोटक. आपल्याकडचे नियमही त्यात नाहीत, सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) सायबर घटना ६ तासांत कळवायचा आणि लॉग (सिस्टमच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचा नियम आम्ही वेगळा जोडला. छोट्या कंपनीने निस्टचंच स्मॉल बिझनेस गाइड आधी वाचावं, आपल्या धंद्याला लागू पडेल तेवढंच टार्गेट प्रोफाइलमध्ये (आपण काय गाठायचं त्या यादीत) घ्यावं, कन्सल्टंटचं भरून आलेलं एक्सेल घेऊ नये.

सप्लाय चेनचा भाग आमचा अजून बाकी आहे, आमचे जॉबवर्कवाले बरेचसे पर्सनल जीमेलवरच ड्रॉइंग मागवतात, सध्या त्यांच्यासाठी शेअर पोर्टल चालू करतोय.