गाडीला पॉलिशनंतर वॅक्स की सीलंट?

पॉलिशने बारीक ओरखडे जातात, संरक्षण मिळत नाही. वरून थर हवाच: मेणाचं वॅक्स किंवा कृत्रिम पॉलिमरचं सीलंट.

मेहनत वॅक्सला कमी. पॉलिशचं थोडं तेल राहिलं तरी कार्नौबा (वॅक्समधलं ताडाच्या पानांचं मेण) बसतं. सीलंटचं तसं नाही. ते रंगालाच धरायला हवं, म्हणून 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तेवढंच पाणी घालून आधी गाडी पुसा. मग सावलीत, थंड पत्र्यावर अगदी पातळ थर. जाड लावलात तर पुसताना चिकटतं, ढगाळ पट्टे राहतात. पुढचे 12 तास पाणी नको.

टिकाऊपणात तुलनाच नाही: वॅक्स दीड-दोन महिने, उन्हात उभ्या गाडीवर त्याहून कमी; सीलंट चार ते सहा महिने. डबा महाग वाटला तरी वर्षाच्या हिशेबात सीलंटच स्वस्त. काळ्या-लाल रंगावरची ओलसर खोल चमक मात्र वॅक्सचीच.

दोन्ही हवीत? आधी सीलंट, दुसऱ्या दिवशी वॅक्स. उलट केलं तर सीलंट वॅक्सवर बसतं आणि त्याच्याबरोबरच निघून जातं.

रोज उघड्यावर उभी गाडी, तोंडावर पावसाळा: सीलंट. झाकलेलं पार्किंग आणि दर महिन्याला हात फिरवायची हौस: वॅक्स.