दोन गेजचा लीकडाऊन टेस्टर: गणपतीपासून आत्तापर्यंतचा वापर

आधीच सांगतो, ज्यांच्याकडे टाकीवाला कॉम्प्रेसर नाही त्यांनी हे वाचून लगेच ऑर्डर टाकू नका. हा टेस्टर बंद इंजिनाच्या सिलिंडरमधे बाहेरनं हवा भरून ती किती निसटते ते दाखवतो. टायरमधे हवा भरायचा तो बारा व्होल्टचा डबा याला अजिबात चालत नाही, कारण सिलिंडरमधून हवा सतत थोडी थोडी निसटत असते आणि तेवढी मागनं येत राहायला पाहिजे, नाहीतर काटा हळूहळू खाली बसत जातो आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो. माझ्याकडे ५० लिटरचा आहे, टेस्ट चालू असताना मधेच मोटर धडधडायला लागते पण प्रेशर पडत नाही, तेवढं पुरतं.

कोल्हापुरात माझं छोटं गॅरेज आहे, जुन्या मारुती आणि दुचाक्या जास्त. शिवाय सेकंडहँड गाडी घ्यायच्या आधी लोक दाखवायला आणतात, "इंजिन कसं आहे तेवढं सांगा" म्हणून. इतकी वर्षं कंप्रेशन गेजवरच (स्टार्टर मारल्यावर सिलिंडरमधे किती दाब तयार होतो ते मोजणारा) चाललं होतं आणि तो गेज वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण त्याचा आकडा बॅटरी किती चार्ज आहे, स्टार्टर किती जोरात फिरतोय, स्टार्टर मारताना थ्रॉटल पूर्ण उघडला होता का, असल्या सतरा गोष्टींवर हलतो. बुलेटच्या यूसीई (इंजिन-गिअरबॉक्स एकाच खोक्यातल्या) इंजिनाला तर ऑटो डीकॉम्प्रेसर असतो, तो स्टार्ट करताना एक्झॉस्ट व्हॉल्व थोडा उचलून धरतो, मग चांगल्या इंजिनाचं पण कंप्रेशन कमी दिसतं आणि गिऱ्हाईक घाबरतं. आणि समजा आकडा खराच कमी आला तरी तो का कमी ते गेज सांगत नाही. प्लगच्या भोकातनं चमचाभर ऑइल सोडून परत स्टार्टर मारायचा, आकडा वाढला तर रिंगा (पिस्टनभोवतीच्या हवा अडवणाऱ्या कड्या) गेल्या, हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यापुढं अंदाजच.

लीकडाऊनमधे इंजिन फिरवायचंच नाही. पिस्टन कंप्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणून ठेवायचा, दोन्ही व्हॉल्व बंद, प्लगच्या जागी नळी लावायची आणि बाहेरनं हवा भरायची. पहिल्या गेजवर १०० पीएसआय लावलं आणि दुसऱ्यावर ८८ राहिलं तर १२ टक्के लीक. विमानाच्या पिस्टन इंजिनांवर हीच टेस्ट ८० पीएसआयवर करतात आणि टक्के न काढता सरळ ७४/८० असं लिहून ठेवतात, मला ती पद्धत जास्त आवडते, कारण टक्के म्हटलं की माणूस परीक्षेच्या मार्कांसारखा त्याला चिकटतो.

आता घेताना काय बघायचं. बाजारात जास्त करून जे मिळतात त्यात दुसऱ्या गेजवर हिरवा-पिवळा-लाल पट्टा असतो. माझ्या एका मित्राकडे तसला होता, तो आधी आठवडाभर आणून वापरला. त्याच्यात गंमत अशी की कॉम्प्रेसर तुम्ही १०० ला लावा नाहीतर १२० ला, सिलिंडरमधे प्रत्यक्षात १५ पीएसआयच्या आसपासच हवा जाते, त्याचा सेट पॉइंटच तेवढा असतो. एवढ्याशा प्रेशरला लीकचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि रेग्युलेटरची चावी केसभर फिरली तरी काटा हिरव्यातून पिवळ्यात. त्याच सिलिंडरला नळी काढून परत लावली की वेगळा आकडा. मला तरी तो प्रकार पटला नाही. मग त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे घालून हा घेतला, दोन्ही गेज ० ते १०० पीएसआय, रेग्युलेटर जरा जड पण लावलेल्या जागेवरनं हलत नाही.

दुसरं म्हणजे दोन गेजच्या मधे जे बारीक भोक असतं ते, ऑरिफिस. सगळा हिशोब त्या भोकावर आहे आणि बरेच विकणारे त्याचा आकार सांगतच नाहीत. भोक मोठं असेल तर हवा जास्त भरली जाते, लीक कमी दिसतो, बारीक असेल तर उलट. म्हणजे एकच इंजिन एका टेस्टरवर ८ टक्के आणि दुसऱ्यावर १८ टक्के दाखवू शकतं आणि दोन्ही टेस्टर आपापल्या जागी बरोबर. विमानवाल्यांनी १००० क्युबिक इंचापेक्षा लहान इंजिनांसाठी ०.०४० इंच, म्हणजे जवळपास १ मिलिमीटर ठरवलंय, आपल्या सगळ्या गाड्या त्यात आरामात बसतात, म्हणून मी विकणाऱ्याला फोन करून तेवढंच विचारलं होतं आणि ज्यानं सरळ उत्तर दिलं त्याच्याकडनं घेतला. खात्री करायची सोपी आयडिया पण आहे. नळीचं तोंड पूर्ण बंद केलं की दोन्ही काटे सारखे यायला पाहिजेत. मग केहिनच्या कार्बोरेटरचा १०० नंबरचा मेन जेट, ज्याचं भोक साधारण १ मिलिमीटर असतं, तो नळीच्या तोंडाला बसवून काय रीडिंग येतं ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवायचं. अधूनमधून तोच जेट लावून बघायचा, तोच आकडा आला तर टेस्टर ठीक. दिवाळीनंतर एकदा तीन-चारनं फरक आला, उघडून बघितलं तर ऑरिफिसमधे कॉम्प्रेसरच्या टाकीतला गंज अडकला होता. तेव्हापासून आधी टाकीतलं पाणी सोडायचं आणि लाइनला वॉटर सेपरेटर लावायचाच. आपल्याकडच्या पावसाळ्यात टाकीत किती पाणी साठतं ते ज्याचं त्याला माहीत.

ॲडॅप्टरचं मात्र वैतागवाणं आहे. किटमधे १४ आणि १८ मिलिमीटरचे आले, १८ चा इथं काय उपयोग देव जाणे. स्प्लेंडर, ॲक्टिव्हाला १० चा लागतो, तो नव्हताच. उद्यमनगरात लेथवाल्याकडनं पितळेचा करून घेतला, रबरी ओ-रिंगची खाच पण त्यानंच काढून दिली, कंपनीच्या ॲडॅप्टरपेक्षा चांगला बसतो. काहीजण कंप्रेशन गेजचीच नळी याला जोडतात, चालते, पण तिच्या टोकाला टायरसारखी व्हॉल्व पिन असते ती आधी काढायची. ती तशीच राहिली तर हवा आतच जात नाही, लीक शून्य दिसतो आणि खटारा गाडी नव्या इंजिनासारखी वाटते.

खरा उपयोग कुठं झाला ते सांगतो. एका भाजीवाल्या मामांची ओम्नी आली, एलपीजीवर चालणारी. आयडलला थरथर, चढाला दम नाही. आधी ज्या गॅरेजला दाखवली होती तिथं इंजिन बोअर करायला (सिलिंडर आतनं कापून मोठा करायला) लागेल म्हणून सांगितलेलं. मामा म्हणाले, "बाबा, बोअर केलं तर सीझनभराची कमाई जाईल, तू एकदा बघ." सीट उचलली, इंजिन गरम करून प्लग काढले. पहिल्या दोन सिलिंडरला ९-१०, तिसऱ्याला ३४ टक्के. आता ३४ बघून कोणीही रिंगा म्हणेल, पण ऑइलची कॅप काढून कान लावला तर तिन्ही सिलिंडरला तेवढाच हलका फुसफुस आवाज, जो चांगल्या इंजिनाला पण येतोच. सायलेन्सरच्या तोंडाला मात्र तिसऱ्याची हवा भरली की स्पष्ट सू सू. मामांनाच वाकायला लावलं, म्हटलं ऐका. एक्झॉस्ट व्हॉल्व. गॅसवर चालणाऱ्या गाड्यांत व्हॉल्व जिथं टेकतो ती सीट हळूहळू आत झिजते, व्हॉल्व वर येत जातो, टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली मोकळी जागा, संपते आणि मग व्हॉल्व पूर्ण बसतच नाही, कडा जळायला लागतात. इथं गॅप शून्य होती, फीलरची पातळ पट्टी शिरेना. टॅपेटची गॅप लावून, गाडी जरा फिरवून परत टेस्ट केली तर २१. म्हणजे कड जळालेली. हेड उतरवलं, तो एक व्हॉल्व बदलला, व्हॉल्वची सीट नीट करून घेतली, ब्लॉकला हात लावला नाही.

आवाज ऐकायच्या जागा थोडक्यात: कार्बोरेटर किंवा थ्रॉटल बॉडीत आला तर इनटेक व्हॉल्व, सायलेन्सरला आला तर एक्झॉस्ट, ऑइल कॅप नाहीतर डिपस्टिकच्या नळीत जोरात आला तर रिंगा किंवा बोअर, रेडिएटरमधे बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग), शेजारच्या प्लगच्या भोकातनं हवा आली तरी गॅस्केटच. रेडिएटरची कॅप गरम इंजिनावर उघडायची नाही, ती आधी थंड असतानाच काढून पाणी तोंडापर्यंत भरून ठेवायचं. एका ठिकाणी सगळे फसतात ते म्हणजे ब्रीदरचा पाइप. रिंगांमधनं खाली गेलेली हवा त्या पाइपातनं एअर क्लीनरकडं जाते आणि वाटतं इनटेक व्हॉल्व लीक आहे. म्हणून तो पाइप काढून बाजूला धरायचा, मगच ऐकायचं. मी डॉक्टरी स्टेथोस्कोपची पुढची चकती काढून नुसती नळी वापरतो, बाजूला ग्राइंडर चालू असला तरी ऐकू येतं.

टक्क्यांबद्दल लोक विचारतात म्हणून, माझ्या टेस्टरवर १० च्या आत उत्तम, २० पर्यंत चालू द्या, ३० च्या पुढं काहीतरी उघडायला लागणार. पण सगळे सिलिंडर १८ असतील तर मी काही बोलत नाही, आणि दोन ६ वर असून एक १८ असेल तर मालकाला बोलावून दाखवतो. आणि स्प्लेंडरचा पिस्टन ५० मिलिमीटरचा, त्याच्या रिंगांचा घेर लहान, तिथले १५ टक्के मी मोठ्या इंजिनाच्या १५ पेक्षा गंभीर धरतो. खराब आकडा एकदा आला की लगेच निदान सांगायचं नाही, कधीकधी कार्बनचा तुकडा व्हॉल्वखाली अडकलेला असतो, इंजिन चालू करून परत बघायचं.

आता जपायचं काय ते. १०० पीएसआय म्हणजे साधारण ७ किलो प्रेशर, ओम्नीच्या ६८.५ मिलिमीटरच्या पिस्टनवर त्याचा जोर होतो अडीचशे किलोच्या वर. पिस्टन टीडीसीच्या जरा जरी इकडंतिकडं असला तर क्रँक झटक्यात फिरतो. क्रँक बोल्टवर लांब पाना लावून हातानं धरून ठेवायचं धाडस करू नका, पान्यानं मनगट जाईल. टॉप गिअर, हँडब्रेक, चाकाला दगड, आणि रेग्युलेटर शून्यावरनं हळूहळू वर. टीडीसी शोधायला दोन्ही रॉकर हातानं हलतायत का ते बघायचं, हलले तर कंप्रेशनची टीडीसी, नाहीतर एक फेरी पुढं.

तक्रारी पण आहेत. नळी फार आखूड, मागच्या सिलिंडरला लावली की गेज उलटे लटकतात. क्विक कपलरची ओ-रिंग लवकर गेली, लोकल मार्केटची बसवली. गेजची काच प्लास्टिकची, पेट्रोलचा हात लागून धुरकट झाली. डबा मात्र दणकट आहे. आणि ज्यांचं काम फक्त दुचाक्यांचं आहे त्यांना मी हा घ्याच असा आग्रह करणार नाही, चांगला कंप्रेशन गेज आणि टॅपेट बघायची सवय यात बरंचसं निघतं.

स्कूटरचं अजून अडलंय. बाइक गिअरमधे टाकून मागचा ब्रेक दाबला की क्रँक धरला जातो, ॲक्टिव्हाला ते शक्यच नाही, क्लच सुटलेला असतो, म्हणून सध्या ४० पीएसआयलाच लावून फक्त आवाज ऐकतो. मॅग्नेटच्या बाजूनं क्रँक धरायला एक होल्डर त्याच लेथवाल्याकडं टाकलाय. मंगळवारी देतो म्हणालाय, कुठल्या मंगळवारी ते विचारायला परवा परत जायचंय.