जुना मॅसी फर्ग्युसन ३५ ट्रॅक्टर घेताना: इंजिन तीन सिलिंडरचंच बघा

सुरुवातीच्या डिझेल ३५ ला स्टँडर्ड २३सी हे चार सिलिंडरचं इंजिन होतं. थंडीत ते सुरू करणं म्हणजे बॅटरीचा जीव घेणं. १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसनने इंजिन बनवणारी पर्किन्स कंपनीच विकत घेतली आणि त्याच वर्षी ३५ ला पर्किन्सचं तीन सिलिंडरचं ३.१५२ इंजिन बसलं: बोअर (सिलिंडरचा व्यास) ९१.४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२७ मिमी, साधारण २.५ लिटर. लांब स्ट्रोकमुळे कमी आरपीएमवरही ओढ उत्तम. एक सिलिंडर कमी, तरी हेच सरस.

कटकट एकच, एअर पकडणं, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरणं. डिझेल फिल्टर बदलला की आधी फिल्टरचा, मग इंजेक्शन पंपाचे ब्लीड स्क्रू (हवा काढायचे स्क्रू) सैल करून लिफ्ट पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) हातखटका मारायचा. बुडबुडे थांबले की स्क्रू आवळायचे. शेवटी इंजेक्टरकडचे पाइपनट सैल करून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारायचा. तरीही हवा येत असेल तर वॉशर तांब्याचे नवे घाला, जुने आवळत बसू नका.

घेताना गरम इंजिनचा ब्रीदर (क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी नळी) बघा. धूर भपक्याभपक्याने येत असेल तर रिंग-लायनरचा खर्च धरूनच भाव करा.