डिझेल नीट जळतंय का? फोनवरचं ॲप की व्हीसीडीएस

जुनी टीडीआय (फोक्सवॅगन गटाची डिझेल गाडी) बाळगणारा प्रत्येक जण कधी ना कधी विचारतोच: गाडीच्या तपासणी-सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावून फोनवर बघू, की सरळ व्हीसीडीएस या लॅपटॉपवरच्या तपासणी-प्रोग्रॅमची केबल घेऊ? माझ्याकडे दोन्ही आहेत. डोंगल हल्ली बहुतेक वेळ ग्लव्ह बॉक्समध्ये पडून असतं, त्यावरून माझा कल कळेलच. पण तुमची गाडी आणि तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून जरा सविस्तर.

एरर कोड वाचणं, पुसणं, कूलंटचं तापमान बघणं यासाठी टॉर्क प्रो किंवा कार स्कॅनर असं फोनवरचं ॲप भरपूर झालं, त्यासाठी केबलवर पैसे घालू नका. मी बोलतोय ते एकाच कामाबद्दल. चारही सिलिंडरमध्ये डिझेल सारखं जळतंय का, हे झाकण न उघडता कळतं का?

खरं तर ज्वलन थेट दोघांनाही दिसत नाही. सिलिंडरमधला दाब मोजणारा सेन्सर मोजक्याच इंजिनांत, ग्लो प्लगच्या (थंडीत सिलिंडर तापवणाऱ्या प्लगच्या) आत बसवलेला असतो. आपल्या १.९ पीडीत (प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप-इंजेक्टर असलेल्या १.९ लिटर इंजिनात) तो नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) सेन्सरवरून अंदाज बांधतो: प्रत्येक पॉवर स्ट्रोकला क्रँक किती जोराने ढकलला गेला? एखादा सिलिंडर कमी पडतोय असं दिसलं, की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) त्याला थोडं डिझेल वाढवून देतो आणि जोरात ढकलणाऱ्याचं कमी करतो. पालखीचा एक भोई बुटका असला की त्याच्या खांद्यावर कापडाची जाड घडी ठेवतात, तसं. पालखी समतल चालते, आणि लांबून बघणाऱ्याला भोई बुटका आहे हे कळतही नाही.

फोनवरचं ॲप म्हणजे हा लांबून बघणारा.

माझी गाडी उभी असताना हलकी थरथरायची. सीटपेक्षा गिअरच्या मुठीवर जास्त जाणवायचं. सिग्नलला न्यूट्रलमध्ये हात ठेवला की तीन ठोके सारखे आणि चौथा जरा दबलेला. फोनवर बघावं तर आरपीएमचा काटा ९०० च्या आसपास ढिम्म. एमएएफ (आत येणारी हवा) ठीक, मॅनिफोल्डचा दाब ठीक, तापमान ९०. सगळे काटे एकदम गुणी. हात एक सांगतोय आणि काटे भलतंच. मी डोंगलला कंटाळलो तो यामुळे. ब्लूटूथ मध्येच तुटणं वगैरे मी एक वेळ सहन केलं असतं.

यात ॲपचा दोष नाही. सगळ्या गाड्यांसाठी ओबीडी-२ या तपासणी-मानकाची जी ठरीव यादी आहे, तिच्यात सिलिंडरनिहाय डिझेल-दुरुस्ती हा आकडाच नाही. कार स्कॅनरमध्ये कंपनीनिहाय प्रोफाइल आहेत आणि काही गाड्यांवर त्यातून बरंच मिळतं, हे मान्य. पण स्वस्त डोंगलवर तो नशिबाचा भाग. डोंगलमधली ईएलएम३२७ ही मूळ चिप बनवणारी कॅनडातली कंपनी २०२२ साली बंद झाली, बाजारात दिसतात त्या बहुतेक नकला, आणि मूळ चिपच्या सगळ्या कमांड त्यांना कळतातच असं नाही. जाता जाता आणखी एक: कित्येक ॲप ॲव्हरेज काढताना पेट्रोलचं १४.७ हे हवा-इंधन प्रमाण धरून चालतात. डिझेल आयडलला त्याच्या कितीतरी पट हवा घेतं, तेव्हा तो आकडा बघून खूशही होऊ नका आणि घाबरूही नका.

आता व्हीसीडीएस. ०१-इंजिन, मेझरिंग ब्लॉक्स, ग्रुप ०१३. इंजिन पूर्ण तापलेलं, एसी बंद, पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला. पडद्यावर चार आकडे येतात, एकेका सिलिंडरचा एक, मिलिग्रॅम प्रति स्ट्रोकमध्ये. अधिक म्हणजे त्या सिलिंडरला जास्त डिझेल द्यावं लागतंय, उणे म्हणजे कमी. पीडीला दोन्ही बाजूंना २.८ पर्यंत चालतं असं मानतात. माझ्या मते एक-सव्वाच्या आत असेल तर निवांत झोपा, दोनच्या वर गेलं तर मेकॅनिकला फोन करा. माझ्याकडे तिसरा सिलिंडर २.३ च्या आसपास, बाकीचे तिघे उण्यात. फोनवरचे काटे इतके गुणी का होते, ते तिथे कळलं. ईसीयू तिसऱ्याला ओंजळीने पाजत होता, म्हणून आरपीएम हलत नव्हता.

आकडा फक्त सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही, हेही सांगायला हवं. इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन असेल, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) असेल. पण पुढची वाट बरीच अरुंद होते. ग्रुप ०१८ मध्ये इंजेक्टरच्या रकान्यात चारही शून्य, म्हणजे ईसीयूची वायरिंगबद्दल तक्रार नव्हती. ग्लो प्लगचा संशय घ्यायचं कारण नव्हतं, पीडीत ते साधारण ९ अंशांच्या खालीच तापतात आणि पुण्यात तशी सकाळ विरळाच. शिवाय गार असो वा गरम, आकडा तसाच. एका गॅरेजने त्याआधीच चारही इंजेक्टर बदलायचं कोटेशन हातात ठेवलं होतं. दुसऱ्या मेकॅनिकला लॅपटॉपवर ०१३ दाखवला. तो काही बोलला नाही, सरळ व्हॉल्व्ह कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एका लोबचं (कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचं) टोक घासून गोल झालेलं, आणि खालच्या टॅपेटच्या (लोब जिला दाबतो त्या टोपीच्या) माथ्यावर नख फिरवलं तर खड्ड्याची कड अडकत होती. पीडीत इंजेक्टरही कॅमशाफ्टच दाबतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या लोबना रुंदी कमी मिळते, फोक्सवॅगनच्या ५०५.०१ सारख्या, पीडीला चालणाऱ्या मान्यतेचं तेल सोडून दुसरं काही घातलं की तेच आधी झिजतात. आधीच्या मालकाने काय घातलं होतं देव जाणे. कॅमशाफ्ट आणि टॅपेट स्वस्तात झाले नाहीत, पण चार इंजेक्टरांपेक्षा खूपच कमी लागले, आणि तिसऱ्याचा आकडा अर्ध्याच्या आत आला.

व्हीसीडीएसचा दुसरा फायदा: ईसीयूने काय मागितलं आणि प्रत्यक्षात काय मिळालं, हे शेजारी-शेजारी दिसतं. ग्रुप ०११ मध्ये टर्बोचा दाब, ००३ मध्ये ईजीआरच्या (जळालेला वायू परत इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या) हिशोबाची हवा. चढावर काळा धूर निघत असेल तर इथूनच सुरुवात करा. जुन्या गाड्यांवर फोनला सहसा फक्त मिळालेलं दिसतं, मागणी दिसत नाही.

कटकटी आहेतच. मांडीवर लॅपटॉप, गुडघ्याजवळ लोंबणारी केबल, विंडोज हवंच, आणि पडदा बघून वाटतं की प्रोग्रॅम वीस वर्षांपूर्वीचा आहे. चालतं फक्त फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांवर. घरात एक टीडीआय आणि एक स्विफ्ट असेल तर स्विफ्टसाठी डोंगल लागेलच. नव्या ईसीयूंवर ग्रुप नंबर नसतात, लांबलचक यादीतून नाव शोधून टिक करावं लागतं. कॉमन रेलवाल्यांनी (पीडीनंतरची डिझेल इंजिनं) तेवढा धीर ठेवावा. एप्रिल २०२० मध्ये बीएस६ आलं आणि या गटाने भारतात डिझेल बंदच केलं, त्यामुळे हा सगळा खटाटोप जुन्या गाड्यांसाठीच आहे.

ओबीडीइलेव्हन, म्हणजे फोनवर चालणारं डोंगल आणि ॲप, हा मधला पर्याय. मित्राच्या रॅपिडवर पाहिलंय, फोनची सोय आहे आणि कोडिंगला (गाडीची सेटिंग बदलायला) झकास. तरी थरथर शोधायची असेल तर मला अजून लॅपटॉपवर चार आकडे एका ओळीत बघणं सोपं वाटतं. सवयीचाही भाग असेल.

घेणार असाल तर नकली केबल टाळा. सॉफ्टवेअर अपडेट केलं की ती मान टाकते आणि मग जुन्या व्हर्जनवर अडकून पडावं लागतं. अस्सल हेक्स-व्ही२ केबल महाग वाटत असेल तर तीन व्हीआयएनपुरतं (म्हणजे तीन चॅसिस नंबरपुरतं) व्हर्जन बघा: तीन गाड्यांना बांधलं जातं, तिघा मित्रांत मिळून घेतलं तर फार जड जात नाही. केबल कुणाच्या घरी राहणार, तेवढं मात्र आधी ठरवून घ्या.